राखीव बाकावरचा प्रश्न

ऑक्टोबर २०२४ मध्ये दिल्लीच्या मेजर ध्यानचंद राष्ट्रीय स्टेडियमवर मी भारत-जर्मनी लढत पाहत होतो. पुढच्या रांगेत राजिंदर सिंग व आदित्य लालगे या नवोदितांवरून वाद रंगला होता. एक म्हणे, त्यांना आताच खेळवा. दुसऱ्याला ती घाई वाटे.

मला दोन कनिष्ठ संघ आठवले. २००१ मध्ये होबार्टला भारताने कनिष्ठ विश्वचषक जिंकला, पण २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकसाठी आपण पात्रही ठरलो नाही. २०१६ मध्ये लखनौच्या अंतिम सामन्यात गुरजंत व सिमरनजीत यांनी गोल केले. पुढे टोकियोसाठीच्या मूळ सोळा जणांत सिमरनजीत नव्हता. करोनामुळे नियम शिथिल झाले, राखीव खेळाडूंना दार उघडले आणि कांस्यपदकाच्या लढतीत त्याने जर्मनीवर दोन गोल केले.

गुणवत्ता दोन्ही पिढ्यांत होती. कनिष्ठ संघातून वरिष्ठ संघापर्यंतच्या मधल्या वर्षांत सामने, उपचार आणि नोकरीची हमी कोण देणार, हा धोरणाचा प्रश्न आहे. पदकानंतरची बक्षिसे त्याचे उत्तर नव्हेत. राखीव बाकावरच्या मुलाला संधी मिळण्यासाठी महासाथ यावी लागू नये.