वॉटर कूलिंग असूनही पीसी तापतोय? खर्च करण्याआधी तीन तापमानं मोजा

मोबाईलवर सलग तासभर गेम खेळलं की काय होतं ते तुम्हाला सांगायला नको. फोनची पाठ तापते, स्क्रीनचा उजेड आपोआप कमी होतो आणि मस्त चाललेला गेम अडखळायला लागतो. फोन स्वतःला वाचवायला प्रोसेसरचा वेग उतरवतो. याला थ्रॉटलिंग म्हणतात. गेमिंग पीसीतही हेच होतं. फरक इतकाच की फोनला जेमतेम पाच-सात वॅट उष्णता बाहेर टाकायची असते, तर तगड्या पीसीला गेम चालू असताना चारशे-साडेचारशे वॅट.

ही उष्णता काढायला काही जण कस्टम वॉटर लूप बसवतात. प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्डवर तांब्याचे ब्लॉक, त्यातून पाणी फिरवणारा पंप, पाण्याची छोटी टाकी, नळ्या आणि पंखे लावलेला रेडिएटर. गाडीच्या इंजिनाला असतो तसाच प्रकार. दिसायला भारी आणि खिशालाही भारी. म्हणूनच एवढं करूनही तापमान ९५ च्या पुढे गेलं की माणूस घाबरतो आणि कोणी सांगेल ते विकत घेतो.

माझ्या मावसभावाचं हेच होणार होतं. तो नागपूरला लग्नाचे व्हिडिओ एडिट करतो, रात्री गेम खेळतो. एप्रिलमध्ये त्याचा फोन आला. ‘दादा, गेम सुरू केला की सीपीयू ९७ वर जातो. दुकानवाला म्हणतो रेडिएटर कमी पडतोय, अजून एक मोठा टाक. पंखे धरून अठरा हजार सांगितले.’ लग्नसराई तोंडावर होती, मशीन बंद ठेवणं परवडणारं नव्हतं. पैसे द्यायच्या आधी मी त्याला तीन आकडे मागितले: खोलीचं तापमान, पाण्याचं तापमान आणि चिपचं तापमान.

तीनच का, ते बघा. पाणी स्वतः काहीच थंड करत नाही, ते फक्त हमाल आहे. चिपमधून उष्णता उचलायची आणि रेडिएटरपाशी नेऊन खोलीच्या हवेत टाकायची, एवढंच त्याचं काम. म्हणजे उष्णतेच्या प्रवासात दोन टप्पे आहेत: चिपपासून पाण्यापर्यंत आणि पाण्यापासून हवेपर्यंत. दोन्ही टप्प्यांत तापमान किती पडतं ते कळलं की अडचण कुठे आहे तेही कळतं. नुसता ‘सीपीयू ९७’ हा आकडा काही सांगत नाही. डॉक्टरला ‘बरं वाटत नाही’ एवढंच सांगण्यासारखं आहे ते.

शिवाय पाणी खोलीपेक्षा थंड होऊच शकत नाही. नागपूरच्या मे महिन्यात खोली ३६ अंशांवर असेल तर पाणी ३६ च्या वरच राहणार, कितीही रेडिएटर लावा. त्यामुळे नॉर्वेतल्या एखाद्या यूट्यूबरचा आकडा बघून आपल्या पीसीला नावं ठेवू नका. त्याची खोली २० वर असते.

भावाचे आकडे आले. खोली ३४, पाणी ४५, ग्राफिक्स कार्ड ५८, प्रोसेसर ९७.

वाचूनच दुकानवाल्याचं निदान बाद झालं. पाणी खोलीपेक्षा फक्त ११ अंशांनी वर होतं. चांगल्या लूपमध्ये हा फरक १० च्या आसपास असतो, १५ पर्यंतही चालतो. म्हणजे त्याचे ३६० आणि २४० मिलिमीटरचे दोन्ही रेडिएटर आपलं काम चोख करत होते. ग्राफिक्स कार्ड पाण्यापेक्षा १३ अंशांनी वर, तेही ठीक. आणि ते कार्ड तर ३२० वॅट खातं! प्रोसेसर गेममध्ये सव्वाशे-दीडशे वॅट खात असूनही पाण्यापेक्षा ५२ अंशांनी वर. तिथे २०-३० अंश अपेक्षित असतात. दुखणं प्रोसेसर आणि पाणी यांच्या मधल्या दोन-चार मिलिमीटरमध्ये होतं. अठरा हजारांच्या नव्या रेडिएटरने पाणी फार तर ३-४ अंशांनी उतरलं असतं आणि प्रोसेसर ९७ च्या जागी ९३ दाखवत बसला असता.

आता तुम्ही म्हणाल, पाण्याचं तापमान मोजायचं कसं? लूपच्या एखाद्या रिकाम्या तोंडाला बसणारा छोटा सेन्सर मिळतो, त्याची दोन पिनांची वायर मदरबोर्डला जोडतात, पण प्रत्येक मदरबोर्डवर ती सोय नसते. नसेल तर फुकटची युक्ती सांगतो. अर्धा तास गेम खेळा, मग गेम बंद करून लगेच ग्राफिक्स कार्डाचं तापमान बघा. एचडब्ल्यूइन्फो नावाच्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये ते दिसतं. काम थांबल्यावर कार्डाचं तापमान काही सेकंदांत धपकन पडतं आणि एका आकड्यापाशी रेंगाळतं. पाणी इतक्या पटकन थंड होत नाही, त्यामुळे तो रेंगाळणारा आकडा पाण्यापेक्षा दोन-तीन अंशच वर असतो. आपलं काम भागतं.

याहून सोपी खूण म्हणजे तापमान चढण्याची चाल. गेम किंवा रेंडर सुरू केल्यावर एक-दोन सेकंदांत प्रोसेसर नव्वदीत गेला तर दोष ब्लॉकपाशी आहे किंवा प्रोसेसर गरजेपेक्षा जास्त वीज ओढतोय. एवढ्या वेळात पाणी तापायला सवडच मिळत नाही. उलट आधी सगळं छान आणि पंधरा-वीस मिनिटांत हळूहळू चढत गेलं, तर पाणी तापतंय. म्हणजे रेडिएटर, पंखे किंवा कॅबिनेटची हवा बघायची. मला विचाराल तर निम्मं निदान या चालीवरच होतं.

भावाच्या पीसीत तापमान झपकन चढत होतं. सगळ्यात आधी फुकटातली गोष्ट तपासली: बायोसमधली पॉवर लिमिट. त्याचा प्रोसेसर इंटेलचा आय-७ १३७००के. कंपनीच्या कागदावर त्याची कमाल टर्बो पॉवर २५३ वॅट आहे, पण बऱ्याच मदरबोर्डवर ही मर्यादा आधीपासूनच उठवलेली असते. बायोसमध्ये ४०९५ वॅट असा गमतीशीर आकडा दिसला तर त्याचा अर्थ ‘मर्यादा नाही’. आम्ही तिथे २५३ टाकलं. व्हिडिओ रेंडर करताना थोडा फरक पडला, गेममध्ये काहीच नाही. कारण गेममध्ये तो तितकी वीज ओढतच नव्हता. आता ब्लॉक उघडण्याशिवाय पर्याय नव्हता.

इथे एक गोष्ट बाजूला सांगून ठेवतो. ९५ दिसलं म्हणजे बिघाडच, असं नाही. एएमडीचे रायझन ७००० मालिकेतले एक्सवाले प्रोसेसर पूर्ण ताकदीने चालताना मुद्दाम ९५ अंशांपर्यंत जातात, त्यांची रचनाच तशी आहे. तुमचा प्रोसेसर कोणता, त्याची मर्यादा किती, हे आधी बघा.

तर ब्लॉक. पाणी काढलं, ब्लॉक सोडवला. आधी थर्मल पेस्टचा ठसा बघायचा. तो सगळीकडे पातळ आणि सारखा हवा. एका बाजूला जाड असेल तर स्क्रू तिरके आवळले गेलेत. नव्या ब्लॉकखालची प्लास्टिकची पारदर्शक फिल्म काढायची राहून गेली, असेही किस्से होतात, तेही बघा. भावाचा ठसा ठीक होता. मग ब्लॉक उघडला, आणि आत सगळा गाळ.

ब्लॉकच्या आत तांब्याच्या केसासारख्या बारीक पट्ट्या असतात, दोन पट्ट्यांमधली फट अर्ध्या मिलिमीटरपेक्षाही कमी. पाणी त्या फटींतून जाताना उष्णता उचलतं. त्या फटींमध्ये हिरवट-पांढरा चिकट थर बसला होता. त्याने मऊ पारदर्शक नळ्या आणि रंगीत कूलंट वापरलं होतं, आणि दोन वर्षं ते बदललं नव्हतं. अशा नळ्यांतून त्यांना मऊ ठेवणारं रसायन हळूहळू पाण्यात उतरतं, रंगाचे कणही खाली बसतात, आणि लूपमधली सगळ्यात बारीक चाळणी असते प्रोसेसरचा ब्लॉक. सगळं तिथेच अडकतं. घरातल्या नळाच्या जाळीचं होतं तसंच.

मऊ टूथब्रश आणि डिस्टिल्ड वॉटरने ते साफ झालं. नुसतं तांबं असेल तर पातळ केलेलं व्हिनेगर थोडा वेळ चालतं, पण निकेलचा मुलामा असेल तर व्हिनेगरच्या वाटेला जाऊ नका. ब्लॉक बंद करताना रबराची रिंग खाचेत नीट बसली पाहिजे आणि पाणी आत येण्याचं तोंड कंपनीने सांगितलंय तेच हवं. काही ब्लॉकमध्ये तोंडं उलटी जोडली तर तापमान वाढतं. नवी पेस्ट, नवं कूलंट, आणि त्याच खोलीत तोच गेम: प्रोसेसर ७१. पाणी मात्र ४५ वरच. ते तसंच राहणार होतं, कारण एकूण उष्णता तितकीच होती. खर्च झाला पेस्ट आणि कूलंटचा.

तुमच्याकडे उलटं असेल, म्हणजे पाणीच खोलीपेक्षा वीस-पंचवीस अंशांनी वर असेल, तर रेडिएटरची धूळ काढा, पंखे वारा कुठल्या दिशेला फेकतात ते बघा आणि कॅबिनेटची बाजूची काच काढून पुन्हा मोजा. काच काढताच पाणी पाच-सात अंशांनी उतरलं तर कॅबिनेट गुदमरतंय. तेव्हाही रेडिएटर विकत घेऊ नका.

नळ्यांचा क्रम बदलून बघ, असा सल्लाही हमखास मिळतो. त्यात वेळ घालवू नका. मिनिटाला १ लिटर पाणी साधारण ७० वॅट उष्णता घेऊन फक्त १ अंशाने तापतं. मिनिटाला ३ लिटर फिरत असेल तर साडेचारशे वॅटने एका फेरीत दोनेक अंशांचाच फरक पडतो. लूपमधलं पाणी सगळीकडे जवळपास सारखंच गरम असतं.

पाणी कोणतं भरायचं? नळाचं नाही, बोअरचं तर नाहीच, आणि आरओचंही नाही, कारण त्यात क्षार उरतात. बॅटरीत घालायचं म्हणून मिळणारं पाणीही सीलबंद आणि डिस्टिल्ड लिहिलेलं असेल तरच, आणि त्यातही शेवाळ आणि गंज रोखणारं द्रव्य मिसळावं लागतं. हे नको असेल तर तयार पारदर्शक कूलंट घ्या. ॲल्युमिनियमचा रेडिएटर आणि तांब्याचा ब्लॉक एकाच लूपमध्ये कधीही जोडू नका, ॲल्युमिनियम खाल्लं जातं.

लूप पुन्हा भरल्यावर लगेच पीसी चालू करायचा नाही. मदरबोर्ड आणि ग्राफिक्स कार्डाच्या पॉवर केबल काढून फक्त पंप चालवा, प्रत्येक जोडाखाली टिश्यू पेपर ठेवा आणि काही तास वाट बघा. जमलं तर रात्रभर. टिश्यू कोरडा राहिला तरच केबल जोडा. आणि कधी चालू मशीनमध्ये पंपाचा आवाज अचानक बंद झाला, तर सॉफ्टवेअर उघडून आकडे बघत बसू नका, सरळ पीसी बंद करा.