बाजारातली पारख

स्वयंपाकाची सुरुवात चुलीपाशी होते असे आपण समजतो. खरे म्हणजे ती बाजारात होते. सुगरणीने कितीही मन लावून फोडणी दिली तरी जून गवार कोवळी होत नाही आणि शिळ्या मटणाला मसाल्याने ताजेपणा येत नाही. म्हणून जिन्नस पारखून कसा घ्यावा, याविषयी आज थोडे बोलायचे आहे.

अलीकडे लहान गावांतही बंद पाकिटांचा माल आला आहे. पाकिटावर तारीख असते, वजन असते, किंमत असते. वाचता येणाऱ्याचे काम सोपे होते. मोकळ्या मालावर काहीच लिहिलेले नसते. तो डोळ्यांनी, नाकाने आणि बोटांनी वाचावा लागतो. हे वाचन आपल्या आज्या-पणज्यांना उत्तम येत असे. घराघरांतून ते हळूहळू नाहीसे होत आहे, आणि ते गेले तर नुकसान केवळ चवीचे नाही, प्रकृतीचेही आहे.

प्रथम भाजीपाला घेऊ. भेंडीचे टोक मोडून पाहावे. कट्‌कन मोडले तर कोवळी, नुसते वाकले तर जून. दुधी भोपळ्यात नख सहज रुतले पाहिजे, पण प्रत्येक दुधीला नख लावत सुटू नये. विकणाऱ्याचा माल खराब होतो. वांग्याचे देठ हिरवे व साल तुकतुकीत असावी. पालेभाजीची जुडी सोडून मधली पाने पाहावीत, कारण वरून पाणी शिंपडले की शिळी मेथीही काही वेळ टवटवीत दिसते. वाट्यावर भाजी घेताना तळची उलटून पाहावी. बटाट्यावर हिरवी झाक असेल तर तो घेऊ नये. त्यात विषारी द्रव्य तयार झालेले असते आणि ते शिजवल्याने जात नाही. साठवणीसाठी कांदा घ्यायचा तर उन्हाळी घ्यावा, मान बारीक व वाळलेली पाहून. पावसाळी लाल कांदा चवीला बरा, पण तो फार दिवस टिकत नाही.

आता मसाल्याचे सामान. चैत्र-वैशाखात वर्षाची मिरची घेतात. ब्याडगी रंगाला आणि संकेश्वरी किंवा लवंगी तिखटपणाला, हे आपल्या बायाबापड्यांना सांगायला नको. पण दोन-चार मिरच्या मोडून आत पाहण्याचा कंटाळा करू नये. आत काळपट किंवा करडी बुरशी दिसली तर ते पोते सोडून द्यावे. शेंगदाण्याचेही तेच. अशा बुरशीपासून अफ्लाटॉक्सिन नावाचे विष तयार होते. ते यकृताला अपाय करते आणि घरच्या भाजण्या-तळण्याने पुरते नष्ट होत नाही. तेव्हा ‘जरा भाजून घेतले की झाले’ ही समजूत सोडली पाहिजे.

हळद शक्यतो हळकुंडाच्या रूपात घेऊन दळून आणावी. चांगले हळकुंड टणक असते, मोडल्यावर आत गर्द नारिंगी-पिवळे दिसते. बाहेरून मात्र ते भडक पिवळे दिसत असेल आणि चोळल्यावर बोटांना पुष्कळ रंग लागत असेल तर संशय घ्यावा. हळद उठावदार दिसावी म्हणून काही ठिकाणी शिशाचा क्षार असलेला पिवळा रंग चोळल्याचे आढळले आहे, आणि शिसे लहान मुलांच्या मेंदूला घातक असते. गुळाचेही असेच. अगदी फिका, पांढरट पिवळा गूळ दिसायला देखणा असतो, पण तो रंग अनेकदा रसायनाने आणलेला असतो. तपकिरी गूळ पाहून नाक मुरडू नये.

यानंतर खाटकाच्या दुकानाकडे वळू. ज्यांच्या घरी मांसाहार नाही त्यांनी एवढा भाग सोडून दिला तरी चालेल.

आपल्याकडे सोमवार, गुरुवार, शनिवार, एकादशी असे न खाण्याचे वार पुष्कळ घरांत पाळतात. त्यामुळे खाटकाकडे गर्दी बुधवारी, शुक्रवारी आणि रविवारी. ज्या दिवशी खप जास्त, त्या दिवशी माल ताजा, हा साधा हिशेब आहे. शक्य तो सकाळी जावे आणि टांगलेल्या धडातून आपल्यासमोर कापून घ्यावे. धडाला शेपूट राहू दिलेले असते ते उगाच नव्हे; त्यावरून शेळीचे की मेंढीचे हे ओळखता येते. कोवळ्या बोकडाचे मांस फिकट गुलाबी-लाल, चरबी पांढरी व घट्ट असते. जून जनावराचे मांस गडद आणि चरबी पिवळट. बोटाने दाबले तर खळगा लगेच भरून आला पाहिजे, आणि मांसाला आंबूस किंवा उग्र वास नसावा.

काय करायचे आहे ते खाटकाला आधी सांगावे. ‘मामू, रस्सा करायचाय’ म्हटले की जाणता खाटीक खांदा, सीना आणि दोन नळ्या घालतो. सुक्या मटणाला मांडी आणि चाप बरे. खिमा पाहिजे तर मांडीचा तुकडा दाखवून तिथेच करून घ्यावा. आधीच करून ठेवलेल्या खिम्यात काय गेले हे कळायला मार्ग नसतो, आणि तो नासतोही लवकर.

काळीज घेताना ते गुळगुळीत व चकचकीत आहे ना, हे पाहावे. त्यावर पांढऱ्या गाठी किंवा पाण्याने भरलेले फोड दिसले तर घेऊ नये. शहरातल्या कत्तलखान्यात पशुवैद्य तपासून शिक्का मारतात. खेड्यात बहुधा ती सोय नसते, म्हणून ही नजर आपल्यालाच हवी. असले काळीज कुत्र्यापुढेही टाकू नये. त्या फोडांत एका जंताची पिले असतात. ती कुत्र्याच्या पोटात वाढतात, कुत्र्याच्या विष्ठेतून त्यांची अंडी मातीत, पाण्यात आणि भाजीवर येतात, आणि तिथून शेळ्यामेंढ्यांच्या व माणसाच्याही पोटात जातात. ते खोल पुरावे किंवा जाळावे.

मटण घरी नेताना झाकणाचा डबा न्यावा. प्लास्टिकच्या पिशवीत, सायकलला अडकवून, उन्हात तासभर फिरवू नये. उष्ण हवेत जंतू भराभर वाढतात. दोन तासांच्या आत ते चुलीवर चढावे.

आता वजनाविषयी. १९५८ पासून टप्प्याटप्प्याने शेर-मण गेले आणि किलो आला, पण वजनाच्या जागी दगड ठेवण्याची खोड अजून कुठे कुठे आहे. वजनावर व काट्यावर सरकारी पडताळणीचा शिक्का असावा लागतो. तो दाखवा म्हणण्याचा आपल्याला हक्क आहे. विजेचा काटा असेल तर माल ठेवण्यापूर्वी त्यावर शून्य आहे ना, एवढे पाहावे.

कुणी म्हणेल, ‘एवढी चौकशी केली तर विकणारा रागावेल.’ तसे नाही. चांगला माल आणणाऱ्याला पारखी गिऱ्हाईक आवडते. जिथे कोणी पाहतच नाही, तिथे चांगला माल आणि भिकार माल एकाच भावाने जातो, मग चांगला माल आणण्याचे कष्ट कोण घेईल? म्हणून पारखून घेणे ही केवळ आपल्या घरची काळजी नव्हे. प्रामाणिक विक्रेत्याला त्यामुळे आधार मिळतो. मात्र पारख वेगळी आणि घासाघीस वेगळी. कोथिंबिरीच्या जुडीसाठी म्हातारीशी दोन रुपयांवरून वाद घालायचा आणि हळदीची पूड मात्र न पाहता उचलायची, यात शहाणपण नाही. आणि शेवटची एस.टी. गाठायची म्हणून संध्याकाळी ती माल कमी दराने देते, तेव्हा तिच्या घाईचा आणखी फायदा घेऊ नये.

शेवटी शिक्षक बंधुभगिनींना एक विनंती. बाजाराच्या दिवशी वरच्या वर्गातल्या मुलांना एक तास बाजारात न्या. भाव लिहून घेऊ द्या, वजने पाहू द्या, कोवळे-जून ओळखू द्या. परत आल्यावर पाण्याच्या भांड्यात एक ताजे आणि एक जुने अंडे सोडून दाखवा. ताजे तळाशी आडवे पडते, जुने उभे राहते किंवा तरंगते. ते का, हे मुलांनाच विचारा. अंडे जुने होते तसे कवचाच्या छिद्रांतून आतले पाणी उडून जाते आणि हवेची पोकळी वाढते. गणित, विज्ञान आणि आरोग्य यांचा असा एकत्र धडा फुकट मिळतो. त्या मुलांच्या हाती पुढच्या बाजाराला पिशवी द्यायला आईबापांनी भिऊ नये. एखादे वांगे किडके निघेल, पण त्यानंतरचे वांगे ते नीट पाहून घेतील.