विद्युत रेल्वेची परिभाषा : टपावरील साधनाला काय म्हणावे?

कोकण रेल्वेच्या संपूर्ण मार्गाचे विद्युतीकरण २०२२ साली पूर्ण झाले आणि पेडणे, थिवी, करमळी, मडगाव या स्थानकांवरून विजेची इंजिने धावू लागली. अशा इंजिनाच्या टपावर उघडमीट करणारा एक सांगाडा असतो. तो वरच्या तारेला खालून टेकतो आणि तारेतील वीज इंजिनात उतरते. इंग्रजीत त्यास पॅन्टोग्राफ म्हणतात. मराठीत काय म्हणावे, हा प्रश्न वर्गात शिकविणाऱ्या शिक्षकापुढे आणि रुळाकाठचा सूचनाफलक लिहिणाऱ्या कर्मचाऱ्यापुढे सारखाच उभा राहतो.

शब्दशः भाषांतर येथे कामाचे नाही. पॅन्टोग्राफ हे मुळात आकृतीची लहान वा मोठी प्रत काढण्याचे उपकरण. क्रिस्तोफ शायनर या जर्मन विद्वानाने ते १६०३ साली तयार केले. नावाचा ग्रीक अर्थ ‘सर्व काही लिहिणारा’ असा आहे. त्याच्या दांड्यांची चौकट जशी मिटते व उघडते, तशीच चौकट १९०३ च्या सुमारास कॅलिफोर्नियातील ‘की सिस्टिम’ या रेल्वेच्या गाड्यांवर आली आणि रूपसाम्यामुळे तेच नाव तिला चिकटले. ‘सर्वलेखक’ असा प्रतिशब्द केल्यास लेखणीचा बोध होईल, विजेचा नव्हे. आकारावरून नाव द्यावे, तर १९५५ साली फ्रान्समधील फेव्हले यांनी चौकटीचा अर्धाच भाग ठेवून कोपरात वाकलेल्या हातासारखी रचना केली. आज अनेक इंजिनांवर तीच दिसते. तिला ‘चौकट’ कसे म्हणावे?

कार्यावरून नाव देण्यातही अडचण आहे. विजेचा प्रवाह घेणाऱ्या साधनास ‘संग्राहक’ म्हटले, तर मराठी वाचकास साठवण आठवते. टपावर मात्र काहीच साठत नाही, घेतलेली वीज तत्क्षणी खर्ची पडते. ‘वीजग्राहक’ म्हणावे, तर दरमहा बिल भरणारा गृहस्थ डोळ्यांपुढे येतो! ‘प्रवाहग्राही’ हा शब्द या दोन्ही घोटाळ्यांतून सुटतो. टपावरील सर्व प्रकारच्या साधनांचे सामान्य नाव म्हणून तो चालावा.

त्यांपैकी जुना प्रकार म्हणजे १८८८ साली अमेरिकेत रिचमंड येथे फ्रँक स्प्रेग यांनी यशस्वी करून दाखविलेला ट्रॉली पोल. मुंबईत १९०७ साली विजेवर चालू लागलेल्या व १९६४ साली बंद झालेल्या ट्रामवरही असाच दांडा असे. परंतु खेड्यात ट्रॉली म्हणजे ट्रॅक्टरमागे ऊस वाहणारी गाडी आणि पोल म्हणजे रस्त्याकडेचा खांब. तेथे ‘तारदांडा’ म्हटलेले बरे. त्यानंतर जर्मनीत सीमेन्स कंपनीने आणलेल्या प्रकारास मात्र ‘धनुष्यग्राही’ हे नाव सहज शोभते, कारण त्याचा आकार खरोखरच धनुष्यासारखा आहे.

पॅन्टोग्राफ हा शब्द मात्र जसाच्या तसा ठेवणे इष्ट. मुंबईत विजेची पहिली गाडी ३ फेब्रुवारी १९२५ रोजी धावली. पॅन्टोग्राफ बिघडल्याच्या बातम्या तेथील मराठी वृत्तपत्रांचे वाचक नित्य वाचतात. रेडिओ व पेट्रोल यांसारखे रूढ शब्द कायम ठेवावेत, हे केंद्रीय शब्दावली आयोगाचेही तत्त्व आहे. वर्गात शिकविताना ‘टपावरचा हात’ एवढे स्पष्टीकरण पुरते. तार रुळांवर सरळ रेषेत न बांधता नागमोडी का बांधतात, हेही त्या वेळी सांगता येईल. सरळ मार्गावर ती मध्यरेषेच्या दोन्ही बाजूंस सुमारे वीस सेंटिमीटर सरकविलेली असते. त्यामुळे हाताच्या टोकाची कार्बनची पट्टी एकाच जागी न झिजता सर्वत्र सारखी झिजते.

खरा धोका तारेच्या नावात आहे. हिंदी कागदपत्रांतील ‘उपरि उपस्कर’ मराठी फलकावर उतरविला, तर बागायतदारास त्यातून काहीच कळणार नाही. ‘संपर्क तार’ वाचून दूरध्वनीची तार वाटण्याचा संभव आहे. ‘स्पर्शतार’ तर त्याहून घातक. जणू स्पर्श टाळला की भय नाही! वस्तुतः या तारेत २५,००० व्होल्ट दाब असतो, म्हणजे घरातील विजेच्या शंभरपटींहून अधिक. पुरेसे जवळ गेल्यास न शिवताही वीज हवेतून झेप घेते. मालगाडीच्या डब्यावर छायाचित्रासाठी चढलेल्या तरुणांचे बळी असेच जातात.

म्हणून फलकावर परिभाषा नकोच. ‘जिवंत वीजतार’ हा लोकांच्या तोंडचा शब्द वापरावा आणि त्याखाली स्पष्ट लिहावे : गाडी नसतानाही तारेत वीज असते, तारेपासून किमान दोन मीटर दूर राहावे, आंबे उतरविण्याचा झेला, लांब बांबू, पाण्याचा धातूचा नळ रूळ ओलांडताना आडवा धरावा, डब्याच्या टपावर कोणीही चढू नये.