संकटाची तयारी (भाग 6) : दारातल्या गर्दीची रंगीत तालीम

मागच्या भागात आराखडा लिहून झाला. आता तो कुठे मोडतो ते बघायचं. नाटकाची रंगीत तालीम प्रयोगात चूक होऊ नये म्हणून असते. आपल्या तालमीत चूक झालीच नाही, तर प्रसंगच सोपे निवडले असं समजावं.

समजा, माजलगाव तालुक्यातल्या दिंद्रुडला एक छोटी पतसंस्था आहे. मॅनेजर, कॅशियर, शिपाई, रोजची बचत गोळा करणारे दोन पिग्मी एजंट. ठेवी ऊसतोडीहून परतलेल्यांच्या, बचत गटांच्या, लेकीच्या लग्नासाठी राखलेल्या. 2023 मध्ये बीड जिल्ह्याने मल्टिस्टेट सोसायट्यांच्या दारात हवालदिल ठेवीदार पाहिले आहेत. तेव्हा इथे अफवेला पाय फुटायला वेळ लागत नाही. तिजोरीच रिकामी असेल तर कुठलीही तालीम कामाची नाही. पण धड चाललेली संस्थाही अफवेने अडचणीत येते. ठेवींचा मोठा भाग कर्जात गुंतलेला असतो आणि सगळे एकाच दिवशी आले तर रोकड पुरत नाही.

शनिवारी शटर ओढल्यावर दोन तास बसा. प्रसंग कागदाच्या चिठ्ठ्यांवर लिहा, प्रत्येकीवर ‘ही तालीम आहे’ असं ठळक. मोबाइल डब्यात. तालमीतला मेसेज चुकून गावच्या ग्रुपवर गेला, तर सोमवारी खरीच गर्दी होईल.

पहिली चिठ्ठी : सकाळी दहाला ‘संस्था बुडाली’ असा मेसेज फिरतोय. हे सगळ्यात आधी कळतं पिग्मी एजंटला, कारण दुकानादुकानांत तोच फिरतो. त्याला तालमीत घ्याच. दुसरी : साडेदहा, दारात पन्नास माणसं, मॅनेजर परळीला लग्नात, फोन लागत नाही. आता निर्णय कुणाचा? तालीम घेणाऱ्याने इथे उत्तर सुचवू नये, शांतता कितीही लांबली तरी. पोलीस ठाणं गावातच आहे, पण गाडी दारात उभी राहिली की गर्दीचा अफवेवर विश्वासच बसेल. पोलिसांना बोलवायचं तर कधी, हे कर्मचाऱ्यांना आपसात भांडून ठरवू द्या.

तिसरी चिठ्ठी मला सगळ्यात मोलाची वाटते. एक म्हातारी विचारते, “बाळा, माझं बुडणार नाही ना?” कॅशियरने मोठ्याने, तिच्याशी बोलावं तसंच उत्तर द्यायचं. घाबरलेला माणूस धीर द्यायला म्हणतो, “मावशी, विमा आहे.” पण ते खरं नाही. पाच लाखांपर्यंतचा ठेव विमा बँकांतल्या ठेवींना आहे, पतसंस्थेतल्या नाही. आणि असे प्रश्न झेलावे लागतात ते काउंटरवरच्यांनाच. सप्टेंबर 2019 मध्ये पीएमसी बँकेवर निर्बंध आले, सुरुवातीला खातेदाराला हजारच रुपये काढता येत होते. त्या सकाळी संतापलेल्या लोकांपुढे उभे होते शाखेतले कर्मचारी. काउंटरवरचं खरं, साधं वाक्य आधी घोटून ठेवलेलं हवं.

साहेब नसतानाची वेळ इतर संस्थांनीही निवडावी. भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात 9 जानेवारी 2021 ला नवजात कक्षात आग लागली ती मध्यरात्रीनंतर. दहा बाळं गेली. रुग्णालयाने भर दुपारी, सगळे हजर असताना तालीम घेऊन काय कळणार?

संपल्यावर लगेच, चहाच्या आधी, कोण कुठे अडलं ते लिहा. दोष माणसाला देऊ नका, नाहीतर पुढच्या वेळी कुणी अडल्याचं कबूलच करणार नाही. तिजोरीची किल्ली एकाकडेच होती? दुसरी कुणाकडे, कुठल्या तारखेपर्यंत, तेही लिहा. चार आठवड्यांनी पुन्हा तोच मेसेज. या वेळी मॅनेजर हजर, कॅशियर रजेवर.