हँडल मारून धुतलेलं धुणं

धुणं धुताना हात नेमकं काय करतात, ते एकदा नीट बघायला हवं. कपडा दगडावर आपटतात, मुठीनं घासतात, बादलीत चुबकतात, खळबळतात आणि शेवटी पिळतात. प्रत्येक हालचालीचं काम वेगळं. आपटलं की विणीतून पाणी जोरानं आरपार जातं आणि आत अडकलेली माती निघते. घासल्यानं कॉलरचा तेलकट मळ सुटतो. चुबकल्यावर सुटलेला मळ पाण्यात उतरतो आणि पिळल्यावर ते मळकं पाणी कपड्याबाहेर पडतं. वीज घरात येण्याआधी दीड-दोनशे वर्षं युरोप-अमेरिकेतले कारागीर एकाच प्रश्नाशी झटत होते: यांतली कोणती हालचाल लाकडी टबात बसवायची, आणि ती एका हँडलवर कशी चालवायची?

इंग्लंडमध्ये धुण्याच्या यंत्राचं पहिलं पेटंट १६९१ सालचं. १७५२ च्या जानेवारीत लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’नं अशा एका यंत्राचं चित्र छापलं. पण या यंत्राच्या इतिहासातला माझा आवडता माणूस जर्मनीतल्या रेगेन्सबुर्गचा आहे. याकोब क्रिस्टियान शेफर हे व्यवसायानं धर्मगुरू आणि वृत्तीनं निसर्गाचे अभ्यासक. बव्हेरियातल्या अळंब्यांवर त्यांनी रंगीत चित्रांचे खंड काढले, कीटकांचा अभ्यास केला. कागद करायला चिंध्या पुरेनात, म्हणून गांधीलमाशीच्या घरट्यापासून आणि नाना वनस्पतींपासून कागद करून पाहिला. अशा माणसाला धुण्याचा विषय हलका वाटला नाही, याचं मला अप्रूप वाटतं. १७६० च्या दशकात त्यांनी धुण्याच्या यंत्रावर पुस्तिका लिहिली आणि तिच्या नावातच यंत्राला सोयीचं आणि अत्यंत फायद्याचं म्हटलं.

रचना साधी होती. गरम साबणपाण्याचा लाकडी टब, वर झाकण, झाकणाच्या मधोमध भोकातून खाली उतरणारा उभा दांडा. दांड्याच्या वरच्या टोकाला मूठ, खालच्या टोकाला कपड्यांना ढवळणाऱ्या लाकडी खुंट्या. मूठ धरून दांडा थोडा इकडे, थोडा तिकडे फिरवायचा. ताकाची रवी दोरीनं घुसळताना जशी एकदा उजवीकडे, एकदा डावीकडे फिरते, तशीच ही हालचाल.

हा उलटसुलट फेरा या यंत्राचा प्राण होता. दांडा एकाच दिशेनं फिरवत राहिलं, तर थोड्याच वेळात पाणीही त्याच दिशेनं फिरायला लागतं आणि कपडे पाण्याबरोबर वाहत राहतात. पाणी आणि कपडा दोघांचा वेग सारखा झाला, की घर्षण संपतं आणि मळ जागच्या जागी राहतो. शिवाय कपड्यांचा पीळ बसून दोरखंड होतो तो वेगळाच. दिशा बदलली, की पाणी अजून जुन्या दिशेनं धावत असतं आणि कपडा नव्या दिशेनं ओढला जातो. मळ सुटतो तो त्या झटापटीत. आजच्या वॉशिंग मशीनचा मधला पंखाही थोडा फिरून थांबतो आणि उलटा फिरतो, त्यामागचं कारण हेच.

दुसरा रस्ता इंग्लंडच्या हेन्री सिजियर यांनी धरला. १७८२ च्या त्यांच्या पेटंटमध्ये लाकडी दांड्यांचा एक आडवा पिंजरा आहे. कपडे पिंजऱ्यात घालायचे, पिंजरा पाण्याच्या टबात आडवा टांगायचा आणि बाजूचं हँडल गोल फिरवायचं. इथं कपड्यांना ढवळणारं काही नाही. पिंजरा कपडे वर उचलतो आणि ते स्वतःच्या वजनानं खाली पडतात. म्हणजे शेफर यांनी टबात घुसळणं बसवलं, तर सिजियर यांनी आपटणं. आजची वरून कपडे घालायची यंत्रं शेफर यांच्या वाटेवरची आणि पुढून दार उघडणारी सिजियर यांच्या वाटेवरची. दुकानात या दोन्ही प्रकारांसमोर उभं राहून आपण किंमत विचारतो, तेव्हा अडीचशे वर्षांपूर्वीचे हे दोन विचार आपल्या पुढ्यात असतात.

आडव्या पिंजऱ्याचं गणित हाताशी फार छान जुळतं. पिंजरा फार जोरात फिरवला तर कपडे कडेला चिकटून बसतात, खाली पडतच नाहीत. अर्धा मीटर व्यासाच्या पिंजऱ्यात ही वेळ मिनिटाला साधारण ६० फेऱ्यांना येते. धुवायचं तर वेग त्याखाली हवा. माणूस आरामात हँडल फिरवतो तो वेगही त्याच्या खालीच असतो, त्यामुळे मध्ये दातेरी चाकांची गरज उरत नाही. हँडल थेट पिंजऱ्याच्या कण्याला जोडलं की झालं. मला विचाराल तर हातानं चालवायच्या यंत्रांत ही रचना सर्वांत शहाणी. हात आणि पाणी यांच्या मधे जितकी कमी चाकं, तितकी कमी ताकद वाया जाते.

पण बाजारात, निदान अमेरिकेत, उभ्या दांड्याच्या टबानं चांगलं मूळ धरलं. लाकडी टब करणारे कारागीर गावोगावी होते, आणि वर झाकण असल्यामुळे पाणी गळायची जागा कमी. अडचण होती ती त्या उलटसुलट फेऱ्याची. मूठ धरून दोन्हीकडे झटके देताना प्रत्येक वेळी हालता भार थांबवायचा आणि पुन्हा हलवायचा, म्हणजे खांदा अर्ध्या तासात भरून येणार. म्हणून एकोणिसाव्या शतकात खटपट सुरू झाली ती अशी, की बाईनं हँडल एकाच दिशेनं गोल फिरवावं आणि दिशा बदलण्याचं काम चाकांनी करावं. हँडलच्या चाकाला एक दांडी जोडायची, ती दातेरी पट्टीला पुढंमागं ओढते, पट्टी दांड्यावरच्या छोट्या चाकाला कधी या बाजूला, कधी त्या बाजूला फिरवते. दिशा बदलते त्या क्षणी यंत्र अडखळतं, म्हणून पुढं पुढं जड लोखंडी चाकही बसवलं गेलं. एकदा गती घेतली की ते चाक तो अवघड क्षण स्वतःच्या वजनानं पार करून नेतं. अमेरिकेतल्या इंडियाना राज्यात ब्लफ्टन गावच्या विल्यम ब्लॅकस्टोन यांनी १८७४ मध्ये पत्नीच्या वाढदिवसासाठी खुंट्यांचा दांडा आणि चाकं असलेला असाच टब बनवला. लोकांना तो आवडला आणि ते अडीच डॉलरला एक या भावानं विकू लागले.

लाकडाचाही एक स्वभाव सांभाळावा लागे. टबाच्या फळ्या पाणी पिऊन फुगतात आणि एकमेकींना घट्ट बसतात. टब कोरडा पडला तर फटी पडून गळतो. लोखंड वापरावं तर गंजाचे डाग पांढऱ्या चादरीवर उठतात. म्हणून कपड्यांना लागणारे भाग बराच काळ लाकडाचेच राहिले आणि पत्रा आला तो जस्ताचा थर घेऊन.

पिळण्याचं काम मात्र टबात बसेना. त्यासाठी टबाच्या काठावर दोन रुळांची जोडी आली. रुळ स्क्रूनं एकमेकांवर दाबायचे, कपड्याचं टोक मधे सरकवायचं आणि दुसरं हँडल फिरवायचं. कॅनडातल्या सेंट जॉन शहराच्या जॉन टर्नबुल यांनी १८४३ मध्ये अशा रुळांसकट धुण्याच्या यंत्राचं पेटंट घेतलं. लाकडी रुळ बटणं फोडत. पुढं रबराचे रुळ आल्यावर कपड्यांचा जीव वाचला, बोटं मात्र सापडतच राहिली.

याच पिळण्याच्या यंत्राशी एक नाव जोडलेलं आहे, ते लक्षात ठेवायला हवं. वॉशिंग्टनमधल्या एलेन एग्लिन या कृष्णवर्णीय बाईंनी एक सुधारित यंत्र तयार केलं आणि १८८८ मध्ये त्याचे हक्क अवघ्या १८ डॉलरला विकून टाकले. हे यंत्र एका काळ्या बाईनं शोधलंय असं कळलं तर गोऱ्या बायका ते घेणार नाहीत, असं त्यांचं म्हणणं १८९० च्या एका नियतकालिकात नोंदलेलं आहे. यंत्र विकलं गेलं, पैसा दुसऱ्याच्या खिशात गेला. धुण्याच्या पाण्यात आयुष्य गेलेल्यांपैकी किती जणींच्या डोक्यात अशा सुधारणा आल्या असतील आणि कुठल्याच पेटंटच्या कागदावर आल्या नसतील, हा विचार मला सोडत नाही.

मग या यंत्रांनी बाईचे कष्ट किती वाचवले? वाचवले, पण यंत्रांच्या जाहिराती सांगत त्याहून पुष्कळच कमी. मळ निघायला चार गोष्टी लागतात: साबण, उष्णता, वेळ आणि घासणं-आपटणं. हेंकेल कंपनीचे जर्मन रसायनतज्ज्ञ हर्बर्ट झिनर यांनी १९५९ मध्ये हे नातं एका वर्तुळात मांडून दाखवलं. एकीचा वाटा घटला तर उरलेल्यांचा वाढवावा लागतो. माणूस पायांनी सलग ७५ वॅटच्या आसपास ताकद लावू शकतो, हातानं त्याहून कमी. इतक्या थोड्या ताकदीवर मळ काढायचा तर पाणी कढत हवं आणि भिजवणं भरपूर हवं. ते पाणी कोण आणणार? एकोणिसाव्या शतकातल्या अमेरिकी घरात एका धुण्याला धुवायला, उकळायला, खळबळायला मिळून सुमारे ५० गॅलन, म्हणजे १९० लिटर पाणी लागे. ते विहिरीवरून किंवा पंपावरून घरात आणायचं, चुलीवर तापवायचं, टबात ओतायचं आणि पुन्हा बाहेर फेकायचं. हँडल यातल्या एकाही बादलीला हात लावत नव्हतं. शोधकांनी टबातली हालचाल पाहिली, तिच्यावर एकामागून एक पेटंटं काढली. टबापर्यंतची पायपीट त्यांच्या आराखड्यात आली नाही, कारण ती त्यांच्या खांद्यांवर नव्हती. हाताच्या यंत्राची ही खरी उणीव होती, आणि ती नळ घरात आल्यावरच भरून निघाली. आपल्याकडे तर पुष्कळ गावांत ती अजून भरून निघालेली नाही.

पुढचा प्रवास वेगानं झाला. आयोवा राज्यातल्या न्यूटन गावची मेटॅग कंपनी शेतीची अवजारं बनवायची. हंगाम संपला की काम थंडावायचं, म्हणून तिनं १९०७ मध्ये हातानं चालवायचं धुण्याचं यंत्र काढलं. काही वर्षांतच त्याला विजेची मोटर आली, वीज नसलेल्या शेतघरांसाठी छोटं पेट्रोल इंजिनही आलं.

हँडल मात्र संपलेलं नाही. केरळच्या मलप्पुरम जिल्ह्यातल्या रेम्या जोस यांनी शाळकरी वयात, घरात आजारपण असताना, पेडलवर चालणारं धुण्याचं यंत्र तयार केलं. आडवं जाळीदार पिंप आणि त्याला सायकलसारखी पेडलं. हळू मारली की धुणं होतं, जोरात मारली की पिंप गरगर फिरून कपडे पिळून निघतात. राष्ट्रीय नवप्रवर्तन प्रतिष्ठाननं त्यांचा गौरव केला. हात सोडून पायांकडे वळण्याचा त्यांचा निर्णय वर सांगितलेल्या वॅटच्या हिशेबात चोख बसतो. नवज्योत साहनी हे ब्रिटिश अभियंता पुदुच्चेरीजवळच्या कुइलापालयम गावात चुलींवर काम करत होते. तिथल्या बायकांचे धुण्याचे कष्ट पाहून त्यांनी ‘दिव्या’ नावाचं हँडलचं यंत्र बनवलं, आणि ते इराकमधल्या निर्वासित छावण्यांत पोचलं. त्याचंही पिंप आडवं आहे, सिजियर यांच्याच वाटेवरचं.

आपल्या पॉलिटेक्निक आणि अभियांत्रिकी महाविद्यालयांत शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पासाठी पेडलवरची धुण्याची यंत्रं केली जातात. ती करणाऱ्या विद्यार्थ्यांना माझी विनंती आहे: आराखडा काढण्याआधी पाणीटंचाईच्या एखाद्या गावात दोन दिवस राहा. घरातल्या बाईबरोबर पाणी आणा, एक गोधडी हातानं धुवा, पिळा, वाळत घाला. मग यंत्राला किती लिटर पाणी लागेल आणि तेच पाणी दुसऱ्यांदा कसं वापरता येईल, हे आराखड्याच्या पहिल्या पानावर लिहा.