गोळी हृदयासाठी, काम यकृतात

गेल्या महिन्यात पारोळा तालुक्यातले एक काका जळगावला माझ्या दवाखान्यात आले. वय ६२, मधुमेह जुना, दोन वर्षांपूर्वी हृदयविकाराचा झटका येऊन गेलेला. धुळ्याला मुलीकडे गेले असताना त्यांनी पोटाची सोनोग्राफी केली. अहवालात ‘फॅटी लिव्हर’ आले. कोणीतरी सांगितले, कोलेस्टेरॉलच्या गोळीनेच लिव्हर खराब होते. “डाक्टर, गोयी मी बंद करी दिनी,” काका सहज म्हणाले. तीन महिने झाले होते. रक्तातले एलडीएल, म्हणजे घातक कोलेस्टेरॉल, ६८ वरून १४८ वर गेले होते.

वाचकहो, ही गोळी म्हणजे स्टॅटिन. अ‍ॅटोर्व्हास्टॅटिन, रोसुव्हास्टॅटिन ही नावे आपल्या चिठ्ठीवर असतील. जपानचे अकिरा एंडो यांनी १९७३ मध्ये बुरशीपासून या गटातले पहिले द्रव्य शोधले.

गोळी हृदयासाठी असली तरी तिचे मुख्य काम चालते यकृतात. यकृत स्वतः कोलेस्टेरॉल तयार करते. त्यासाठी लागणारे एक विकर ही गोळी अडवते. घरचा साठा कमी पडला की यकृत रक्तातले एलडीएल ओढून घेऊ लागते. रक्तातले प्रमाण उतरते आणि हृदयाच्या रक्तवाहिन्यांत थर साचण्याला आळा बसतो.

मग फॅटी लिव्हर कशाने होते? यकृतात साठते ती चरबी वेगळी, तिचे नाव ट्रायग्लिसराइड. वाढलेले पोट, मधुमेह, गोडधोड, मैदा, दारू आणि बैठे काम ही तिची नेहमीची कारणे. आपल्या खान्देशात भरितावर आणि शेवभाजीवर तेलाचा तवंग हवाच असतो, त्याचाही हिशेब धरावा. स्टॅटिनमुळे ही चरबी साठत नाही. उलट अशा रुग्णांना हृदयविकाराचा धोका अधिक असल्याने गोळीची गरज जास्तच असते.

गोळी सुरू केल्यावर काहींचे एसजीपीटी थोडे वाढते. ते तिपटीच्या आत असेल आणि त्रास नसेल तर सहसा गोळी थांबवावी लागत नाही. यकृताला गंभीर इजा फार क्वचित होते. म्हणूनच २०१२ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने ठरावीक काळाने यकृत तपासत राहण्याची सूचना काढून टाकली. सुरुवातीला एकदा आणि पुढे गरज भासल्यास तपासणी पुरते.

खरे सांगतो, पूर्वी माझ्याही हातून ही चूक झाली आहे. एसजीपीटी जरा वाढलेले पाहून मी एका रुग्णाची गोळी बंद केली. सहा महिन्यांनी त्यांना दुसरा झटका आला. गोळीने तो टळलाच असता असे म्हणता येत नाही. पण ती थांबवायला पुरेसे कारण नव्हते, ही बोच आजही आहे.

डोळे पिवळे दिसले, लघवी गडद झाली किंवा अंग कारण नसताना फार दुखू लागले तर लगेच डॉक्टरांना दाखवा. गरोदरपणाचा विचार असेल तर आधी सांगा. एरवी कोणाच्या सांगण्यावरून गोळी सोडू नका. यकृतातली चरबी उतरवायची तर वजन उतरवा. ८० किलोच्या माणसाने सहा-सात किलो कमी केले तरी फरक पडतो.

काकांनी गोळी पुन्हा सुरू केली आहे. रोज सकाळी शेताच्या बांधावरून एक फेरीही मारतात.