कारण न लिहिलेले कागद

लष्करात जवानाच्या तब्येतीचा हिशेब पाच इंग्रजी अक्षरांत मांडतात: एस, एच, ए, पी, ई. जवान त्याला 'शेप' म्हणतात. 'शेप वन' म्हणजे धडधाकट. कान, हातपाय, शरीराची ताकद आणि डोळे यांच्याही आधी येणारं पहिलं अक्षर मनाचं आहे. प्रत्येक अक्षरापुढे १ ते ५ आकडा लागतो. 'एस-५' लागला की वर्दी उतरते आणि माणूस बोर्ड आउट होऊन गावी येतो. सातारा-कोल्हापूरकडच्या गावांत असा माणूस आला की पायाला लागलं, कानाला लागलं, असं सांगितलं जातं. मनाला लागलेलं सहसा सांगितलं जात नाही.

गेल्या चाळीसेक वर्षांत अशा जवानांच्या वाट्याला आलेला कायदा आणि न्याय यांचा माग काढताना पुन्हा पुन्हा एकाच कागदापाशी यावं लागतं. तो कागद म्हणजे मेडिकल बोर्डाचा अहवाल.

मनाच्या आजाराची फाइल बऱ्याचदा कमांडिंग ऑफिसरच्या टेबलावर उघडते. 'एएफएमएसएफ-१०' नावाचा एक फॉर्म आहे. जवानाचं काम कसं चाललंय, इतरांशी तो कसा वागतो, पितो का, याबद्दल युनिटने त्यात लिहायचं आणि त्याला मानसोपचारतज्ज्ञाकडे पाठवायचं. जवानांना या फॉर्मची धास्ती वाटते, आणि ती समजण्यासारखी आहे. पोट दुखलं तर माणूस स्वतः एमआय रूममध्ये, म्हणजे युनिटच्या दवाखान्यात, जातो, इथे मात्र त्याच्याबद्दल पहिला शब्द त्याचा वरिष्ठ लिहितो. पुढे वॉर्ड, निरीक्षण, खालची कॅटेगरी, ठरावीक काळाने पुन्हा बोर्ड आणि शेवटी इन्व्हॅलिडिंग मेडिकल बोर्ड. त्याचा फॉर्म 'एएफएमएसएफ-१६'. त्यात आजाराचं नाव, अपंगत्वाची टक्केवारी आणि तीन प्रश्न असतात. आजार सेवेमुळे झाला का? सेवेमुळे बळावला का? की सेवेशी त्याचा संबंधच नाही? प्रत्येक उत्तराला कारण लिहायचं असतं.

घर चालणार की नाही, हे त्या तीन उत्तरांवर ठरतं. टक्केवारीचं महत्त्व त्यानंतरचं. 'झाला' किंवा 'बळावला' असं उत्तर असेल आणि अपंगत्व २० टक्के किंवा त्याहून जास्त असेल, तर नोकरी कितीही कमी झालेली असो, पेन्शनचा सेवेचा भाग मिळतो आणि वर अपंगत्वाचा भागही मिळतो. १०० टक्क्यांना शेवटच्या पगाराच्या ३० टक्के आणि त्याखाली त्या प्रमाणात, असा त्याचा हिशेब आहे. 'संबंध नाही' असं लिहिलं आणि नोकरी १० वर्षांच्या आत असली, तर वर्षानुवर्षं हातात फक्त एकरकमी ग्रॅच्युइटी पडायची. जुलै २०२० मध्ये सरकारने ही १० वर्षांची अट सैल केली, पण ४ जानेवारी २०१९ रोजी किंवा त्यानंतर सेवेत असलेल्यांपुरतीच. आधीचे बाहेरच राहिले.

नियम मुळात कठोर नव्हते, हे इथे ठासून सांगायला हवं. १९८२ च्या एंटायटलमेंट रूल्समध्ये, म्हणजे या पेन्शनच्या पात्रतेच्या नियमांत, म्हटलं होतं की भरतीच्या वेळी आजाराची नोंद नसेल तर जवान निरोगी होता असं धरावं, पुराव्याचं ओझं त्याच्यावर टाकू नये आणि संशयाचा फायदा त्याला द्यावा. सैनिकाकडे इतक्या सहानुभूतीने पाहणारा नियम आपल्या कायद्यांत विरळाच. तरी मनाच्या आजारांच्या बाबतीत बोर्डांची लेखणी वर्षानुवर्षं एकाच वळणाने चालली: आजार घडणीतलाच, सेवेशी संबंध नाही. घडणीतलाच कशावरून, याचं उत्तर बहुतेक वेळा लिहिलेलंच नसायचं. सिपॉय म्हणून विशीत भरती झालेला, वैद्यकीय चाचणीत पास झालेला, चार-पाच वर्षं बर्फात आणि जंगलात बंदूक घेऊन उभा राहिलेला मुलगा मुळातच असा होता, हे अर्ध्या ओळीत ठरायचं.

२०१३ साली हे सर्वोच्च न्यायालयासमोर दोन बाजूंनी आलं. धर्मवीर सिंग यांचा खटला अपस्माराचा होता. त्यात न्यायालयाने जुन्या नियमांचा अर्थ स्वच्छ लावला: बोर्डाने कारण दिलं नसेल तर जवानाच्या बाजूचं गृहीतक कायम राहतं. त्याच वर्षीचा वीर पाल सिंग यांचा निकाल मला अधिक मोलाचा वाटतो, कारण तो थेट मनाच्या आजाराचा आहे. १९७२ मध्ये भरती झालेल्या या जवानाला १९७७ मध्ये स्किझोफ्रेनियाच्या निदानावर घरी पाठवलं होतं. सशस्त्र दल न्यायाधिकरणाने बोर्डाचं मत तज्ज्ञांचं म्हणून जसंच्या तसं मान्य केलं. न्यायमूर्तींनी मात्र शब्दकोश आणि मानसोपचाराचे ग्रंथ उघडले, स्किझोफ्रेनिया म्हणजे काय, त्याची लक्षणं कोणती हे निकालपत्रात सविस्तर उतरवलं आणि तज्ज्ञाच्या टिपणात त्यातलं काय दिसतं ते तपासलं. पुन्हा बोर्ड बसवून तपासणी करा, असा आदेश दिला. घटनेला तोवर ३६ वर्षं झाली होती. विशीतला जवान साठीकडे आला होता.

पुढच्या दोन वर्षांत वारं याच दिशेने वाहत राहिलं. २०१४ च्या सुखविंदर सिंग निकालात न्यायालयाने म्हटलं की आजारामुळे नोकरीतूनच काढलं असेल तर अपंगत्व २० टक्क्यांच्या वरचं समजावं. हे साधं शहाणपण आहे. नोकरीला नालायक ठरवायचं आणि पेन्शनच्या वेळी '१५ टक्केच' म्हणायचं, हे एकत्र बसत नाही. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये राम अवतार निकालाने टक्केवारी वरच्या टप्प्याला नेण्याची सवलत बोर्ड आउट झालेल्यांपलीकडे, मुदत पूर्ण करून निवृत्त झालेल्यांनाही दिली. २० ते ४९ टक्के असतील तर ५०, ७५ पर्यंत ७५, त्यावर १००.

२०१५ मध्ये संरक्षणमंत्री मनोहर पर्रीकर यांनी खटले कमी करण्यासाठी तज्ज्ञांची समिती नेमली. सैनिकांना आपल्याच मंत्रालयाविरुद्ध कोर्टात झगडावं लागतं याची त्यांना खंत होती. समितीत निवृत्त अधिकारी होते आणि कारगिलमध्ये पाय गमावलेले मेजर डी. पी. सिंगही होते. अपंगत्वाच्या पेन्शनीचे दावे ठरीव शेऱ्यांनी फेटाळण्याच्या सवयीवर अहवालाने बोट ठेवलं. शांत ठाण्यावरच्या नोकरीतही ताण असतो, ही बाबही त्यात होती. घरी बायको आजारी आहे, जमिनीचा वाद पेटलाय आणि रजा मिळत नाही. अशा वेळी 'कौटुंबिक कारण' लिहून सेवेला मोकळं करणं मला कधीच पटलेलं नाही. घरच्या अडचणीच्या वेळी घरी नसणं, हीच तर सैनिकाची नोकरी आहे.

अमेरिकेत हाच प्रश्न वेगळ्या रस्त्याने गेला. व्हिएतनामहून परतलेल्यांच्या रेट्यातून १९८० मध्ये आघातोत्तर ताणविकार तिथल्या मानसोपचाराच्या अधिकृत यादीत आला. मनाच्या आजारांना ०, १०, ३०, ५०, ७०, १०० अशा पायऱ्या आहेत आणि प्रत्येक पायरीला माणूस कामावर आणि घरात कितपत निभावतो याचं वर्णन जोडलेलं आहे. सेवेशी जोडलेल्या कुठल्याही एकाच आजाराचे ६० टक्के किंवा त्याहून जास्त असले आणि त्यापायी पोटापुरतं काम जमत नसलं, तर १०० टक्क्यांच्या दराने पैसे मिळू शकतात. २०१० मध्ये तिथे आणखी एक अट ढिली झाली: युद्धभूमीवरच्या भीतीबद्दल सैनिकाचं स्वतःचं सांगणं, तज्ज्ञाने दुजोरा दिला तर, पुरेसं मानायचं. तिथेही रांगा आहेत, अपिलं आहेत. पण काम करता येतं का, हा प्रश्न तिथे कागदावर विचारला जातो. आपल्याकडे बोर्ड माणसाला लष्कराच्या कामाला नालायक ठरवतो, पण गावी परतल्यावर तो ट्रॅक्टर चालवू शकेल का, वॉचमनची रात्रपाळी करू शकेल का, याची चौकशी क्वचितच होते. नागरी अपंगत्व कायद्यातलं संरक्षणही इथे पोचलं नाही. नोकरीत असताना अपंगत्व आलेल्याला काढू नये, हे तेव्हाच्या १९९५ च्या कायद्याचं ४७ वं कलम २००२ च्या अधिसूचनेने लढाऊ सैनिकांना लागू नाही असं झालं.

आपल्याकडे न्यायाची वाटही सरळ राहिली नाही. १ जानेवारी २००८ पासूनच्या नव्या नियमांनी निरोगी असल्याचं जुनं गृहीतक काढून टाकलं होतं आणि सेवा सोडून १५ वर्षांनी दावा केला तर पुराव्याचं ओझं दावेदारावर ठेवलं होतं. ऑक्टोबर २०१९ च्या नरसिंग यादव निकालात सर्वोच्च न्यायालयानेच स्किझोफ्रेनियाच्या दाव्यावर हात आखडला. मनाचा आजार येत-जात राहतो, भरतीच्या दिवशी तो दिसेलच असं नाही, हा त्यामागचा विचार. वैद्यकीयदृष्ट्या त्यात तथ्य आहे. पण भरतीच्या डॉक्टरला जे दिसलं नाही त्याची किंमत जवानाने का मोजावी, याचं उत्तर मला त्या निकालात सापडत नाही. सप्टेंबर २०२३ मध्ये आणखी नवे नियम आले. त्यांवरची चर्चा रक्तदाब आणि मधुमेह यांभोवतीच फिरली आणि मनाचे आजार कोपऱ्यात राहिले.

मे २०२५ मध्ये मात्र न्यायालय पुन्हा मूळ मुद्द्यावर आलं. १९९८ मध्ये स्किझोफ्रेनियाच्या निदानावर घरी पाठवलेल्या जवानाच्या बाजूने निकाल देताना त्याने बजावलं की बोर्डाने कारणं नोंदवणं ही औपचारिकता नव्हे, कारणाशिवायच्या मतावर सैनिकाची पेन्शन नाकारता येणार नाही. जुलैत दिल्ली उच्च न्यायालयाने अपंगत्व पेन्शनीविरुद्धच्या सरकारच्या सुमारे ३०० याचिका एका फटक्यात फेटाळल्या.

हे सगळे विजय कोर्टापर्यंत पोचलेल्यांचे आहेत. अपील करायला मुदत पाळावी लागते, कागद जपावे लागतात, वकिलाला आपली हकिगत सुसंगत सांगावी लागते. स्किझोफ्रेनियात नेमकं हेच जमेनासं होतं. माणूस घराबाहेर पडत नाही, आलेली पत्रं फाडतो, पेन्शनचा विषय निघाला की चिडतो. मग बायको किंवा म्हातारा बाप जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात खेपा घालतो, तोही असेल तर. मुंबईत सशस्त्र दल न्यायाधिकरणाचं खंडपीठ आहे, पण जतच्या एखाद्या वस्तीवरून मुंबई अजून लांबच आहे. बायको माहेरी गेलेली, भावाने वेगळं टाकलेलं, अशा माणसाच्या नावावर कुठलाही निकाल नाही.

त्याच्या नावाचा कागद मात्र आहे. प्रत्येक रेजिमेंटचं रेकॉर्ड ऑफिस असतं. मराठा लाइट इन्फंट्रीचं बेळगावला आहे. मनाच्या आजारावर किती जण घरी गेले आणि कोणाच्या फॉर्मवर कारणाची जागा कोरी आहे, हे तिथे शोधता येईल. न्यायालयाने जे तत्त्व घालून दिलं ते लावण्यासाठी प्रत्येकाने वेगळी याचिका करायची गरज नाही. मंत्रालय स्वतःहून या फायली काढू शकतं, जिल्हा सैनिक कल्याण अधिकाऱ्याकरवी माणूस हयात आहे का हे पाहू शकतं, हयात असेल तर पुनर्विचार बोर्ड बसवू शकतं आणि नसेल तर त्याच्या विधवेला कळवू शकतं. सत्तरच्या दशकात घरी आलेल्यांपैकी बरेच आज सत्तरीत आहेत. हे काम पुढच्या वेतन आयोगापर्यंत थांबवण्यासारखं नाही.